गुडघ्याचे सात चौकोन

माणसाला "कसं वाटतं?" हे विचारायला विशेष अक्कल लागत नाही, असा माझा एकसष्ट वर्षं समज होता. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. समोरच्या पोराला त्रैराशिक येतं की नाही हे मला त्याच्या नुसत्या बसण्यावरून कळायचं. गुडघा तर त्रैराशिकापेक्षा सोपा. दुखतो किंवा दुखत नाही.

आमची मुलगी अदिती अकोल्याला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रबंध लिहायचा होता. तिथल्या एका खासगी रुग्णालयात ज्यांचे गुडघे बदलले, त्यांना सहा महिन्यांनंतर एकच प्रश्न विचारायचा: शस्त्रक्रियेच्या आधीपेक्षा आता तुम्हाला कसं वाटतं? खाली सात चौकोन. खूपच वाईट, वाईट, थोडं वाईट, काही फरक नाही, थोडं बरं, बरं, खूपच बरं. पेशंटनं एका चौकोनात खूण करायची. डॉक्टर कोन मोजतात, एक्स-रे पाहतात, पण पेशंटला स्वतःला काय वाटतं ते कोणी मोजत नाही, ते मोजायचं, असं तिचं म्हणणं.

"बाबा, अमरावतीकडचे चोवीस पेशंट आहेत. तुम्ही रिकामेच असता," ती फोनवर म्हणाली.

रिकामा हा शब्द मला लागला. पण मुलीचं काम होतं. मी हो म्हटलं.

पहिली अडचण 'बरं' या शब्दाची निघाली. अदितीच्या मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडम फार काटेकोर. त्यांच्या कॉलेजातल्या समितीचा नियम असा की, मूळ इंग्रजीवरून केलेला मराठी फॉर्म दुसऱ्या कोणाकडून परत इंग्रजीत करून घ्यायचा आणि मूळ अर्थ तोच राहतो का ते पाहायचं. ज्या गृहस्थांकडे तो गेला त्यांनी 'बरं'चं भाषांतर 'ठीक आहे, पुढे बोला' अशा अर्थाचं करून पाठवलं. फॉर्म तीन आठवडे अडकला. शेवटी समितीनं मला पत्रानं विचारलं की वऱ्हाडात 'बरं' म्हणजे चांगलं की वाईट. मी दोन पानी उत्तर लिहिलं. आमच्याकडे 'बरं आहे' म्हणजे चांगलं नसतं, पण तक्रार करण्याइतकं वाईटही नसतं, आणि ते कोण कोणाला म्हणतं यावरही बरंच अवलंबून असतं, असं मी सोदाहरण दाखवून दिलं. समितीनं ते वाचलं असावं असं वाटत नाही. फॉर्म तसाच मंजूर झाला.

दुसरी अडचण माझी. फॉर्म भरून घेणाऱ्याला प्रशिक्षण सक्तीचं होतं. कॉम्प्युटरवर तीन तासांचं व्याख्यान, मग वीस प्रश्न, पास व्हायला सोळा. मला अकरा मिळाले. हे मी घरी सांगितलं नाही. पण निकाल अदितीच्या मोबाईलवर गेला होता आणि तिनं तो आईला सांगितला. दुसऱ्यांदा सतरा मिळाले. तरी आमची चारुशीला दोन दिवस माझ्याकडे ज्या सहानुभूतीनं बघत होती, तसं मी नापास पोरांकडेही कधी बघितलं नसेल.

चारुशीला म्हणजे माझी बायको. तिचाही उजवा गुडघा त्याच रुग्णालयात गेल्या दिवाळीनंतर बदललेला. यादीत ती नववी. तिचा फॉर्म मी सगळ्यात आधी भरला, सकाळच्या चहाबरोबर. तिला हाक मारून संमतीचा वेगळा कागद पुढे केला, म्हटलं, "इथे सही कर." ती हात पुसत आली. म्हणाली, "कशाचं आहे?" म्हटलं, "अदितीचं." तिनं सही केली आणि पोळ्या करायला गेली. 'खूपच बरं'च्या चौकोनात मी खूण केली. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी ती काठीशिवाय फाटकापर्यंत गेली, तेव्हा मी सगळ्या गल्लीला पेढे वाटले होते. रुक्मिणीनगरातल्या निम्म्या लोकांनी तिचा गुडघा घरी येऊन पाहिला होता.

त्यातले सगळ्यात जास्त वेळा येऊन गेलेले म्हणजे शेजारचे खुशालराव. कोर्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचा निकाल देण्याची सवय. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. माझ्या तोंडून चारुशीलेच्या गुडघ्याची हकिगत ऐकून त्यांनी स्वतःची तारीख घेऊन टाकली होती, पुढच्या महिन्याची. फॉर्मची बातमी कळताच ते कुंपणापाशी आले.

"बापूसाहेब, लोकायले उपाशीपोटी इचारा," ते म्हणाले. "जेवल्यावर मानसाले सगळंच बरं वाटते."

"समितीनं वेळ ठरवलेली नाही."

"मंग थे समितीची चूक हाय. आन् बायकोसमोर नवऱ्याले इचारू नका. खरं बोलत नाई कोनी."

मी मान हलवली आणि सल्ला सोडून दिला. कोर्टातल्या माणसाला विज्ञान काय कळणार, असं तेव्हा वाटलं.

शहरातले चौदा फॉर्म आठवड्यात झाले. मग स्कूटर घेऊन नांदगाव पेठला गेलो. तिथल्या कापडाच्या कारखान्यात चंदन नावाचा सुपरवायझर. त्याची आई आमची पेशंट. पत्ता शोधत गेलो, तर भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो. दोन महिन्यांपूर्वी काविळीनं गेली होती.

"पन गुडघा शेवटपर्यंत एक नंबर होता सर," चंदन म्हणाला. "दवाखान्यात सोता चालत गेली."

मी फॉर्मकडे पाहिलं. सात चौकोन होते आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. बाहेर येऊन अदितीला फोन लावला. ती म्हणाली, "गाळा, बाबा. पेशंटनं स्वतः सांगितलेलं हवं." मी आत येऊन चंदनला तसं सांगितलं.

त्यानं फोटोवरचा हार सरळ केला. मग म्हणाला, "टाका ना सर. आईचं चांगलं झालं होतं असं कुठंतरी लिहेल राहीन."

मी नाही म्हणालो. नियम नियम असतो. त्यानं चहा दिला, मी तो प्यायलो, आणि आयुष्यात इतका कडू चहा मी पुन्हा प्यायलो नाही, साखर दोन चमचे असूनही. चोवीसचे तेवीस झाले.

परतवाड्याला देवमन भेटले. एसटीचे निवृत्त कंडक्टर. डावा गुडघा झालेला. खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं, 'अगा माय' म्हणाले, आणि 'खूपच बरं'वर खूण केली.

"देवमनजी, तुम्हाला दुखतंय," मी म्हणालो.

"दुखते ना. झोपू नाई देत."

"मग ही खूण?"

त्यांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "सर, डावा झाला, उजवा बाकी हाय. आता वाईट लेहून देलं, आन् डॉक्टरनं वाचलं, त उजव्याले हात कसा लावन थो?"

फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर असतो, डॉक्टर वाचत नाही, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. ते ऐकत राहिले, कंडक्टर प्रवाशाचं सुट्या पैशांबद्दलचं म्हणणं ऐकतो तसे. मग मी विचारलं की ऑपरेशनच्या आधी कसं होतं. ते म्हणाले, आधी मी इथून चिखलदरा पायी चढत होतो. माझ्याजवळ रुग्णालयानं ऑपरेशनच्या आधी त्यांच्याकडून भरून घेतलेला कागद होता. त्यात 'शंभर पावलंही चालवत नाही' असं त्यांच्याच सहीनिशी होतं. मी दाखवला. त्यांनी सही निरखून पाहिली आणि म्हणाले, "सही माहीच हाय. पन असं मी म्हनलो नसन."

खूण तशीच राहिली. मी ती नोंदवली.

तिथून अंजनगाव, अकोट करत एसटीनं हिवरखेडला पोचलो. पार्बताबाईंचं घर मळ्यालगत. मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायचे आणि बाजारात न्यायचे, दोन पिढ्या तेच. मी फॉर्म काढला, तोच त्यांचे यजमान सहदेव बोलू लागले.

"लेहा सर, एकदम झकास. आता इथून स्टँडपर्यंत जाते. आंधी अंगनातून उठत नोती. खूपच बरं लेहा."

मी पेन खाली ठेवलं. प्रशिक्षणात सतरा मिळवलेला माणूस होतो. "सहदेवजी," मी म्हणालो, "उत्तर पेशंटनं स्वतः द्यायचं असतं. गुडघा त्यांचा आहे, तुमचा नाही."

सहदेव एकदम उतरले. "तसं नाई, आपलं सांगतलं," असं पुटपुटत ते बाहेर जाऊन बाजेवर बसले. मला मनातून बरं वाटलं. नवऱ्यांनी बायकांच्या तोंडचं उत्तर पळवण्याबद्दल दोन शब्द सुनवावेत असंही वाटलं होतं, पण वयानं मोठे दिसले म्हणून सोडलं.

पार्बताबाईंनी फॉर्म ऐकून घेतला. पुष्कळ वेळ चौकोनांकडे पाहिलं.

"चालता येते," त्या म्हणाल्या. "पन चालून काय करू सर? माह्या कामात चालनं कुठं हाय? तन निंदाले बसा लागते. जुड्या बांधाले बसा लागते. बाजारात भुईवर बसा लागते. डॉक्टर म्हने, भुईवर बसनं बंद. मंग पोरानं खुर्ची देली. पयल्या दिवशी खुर्चीवर बसून मेथी इकली, त बाया म्हने, पार्बताबाई आज सत्काराले बसली का?"

"मग?"

"मंग सून बसते आता माह्या जागेवर. मी घरी असतो."

बाहेर बाजेवरून मघापासून येणारा सहदेवांचा खोकला थांबला होता. ते ऐकत असावेत.

"दुखत होतं तवा मी बाजारात होतो," पार्बताबाई म्हणाल्या. "कोनता चौकोन हाय याचा?"

अदितीच्या यादीप्रमाणे त्या आधीपेक्षा चौपट चालत होत्या. गुडघा सरळ, सूज नाही, एक्स-रे सुंदर. मी त्यांना हे सांगून पाहिलं. त्यांनी 'थोडं वाईट'वर बोट ठेवलं. मी खूण केली आणि फार अभिमानानं निघालो. उत्तराला हात लावला नव्हता. परतीच्या एसटीत मी स्वतःशीच म्हणालो की या कामाला गणिताचा मास्तरच हवा होता.

तेवीस फॉर्म मी कुरियरनं अकोल्याला पाठवले. चारुशीलेनं पाकिटावर पत्ता लिहून दिला, तिचं अक्षर चांगलं आहे.

आठ दिवसांनी मी भाजी घेऊन घरी आलो तर चारुशीला फोन ठेवत होती. "अदितीच्या मॅडमचा होता," म्हणाली. "गुडघ्याचं विचारत होत्या."

"मग सांगितलंस ना?"

"सांगितलं."

मी वांगी काढून ठेवली. तासाभरानं अदितीचा फोन आला. तिचा आवाज इतका शांत होता की मी उठून उभा राहिलो.

"बाबा, आईचा फॉर्म कोणी भरला?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिनं सांगितलं. प्रत्येक फॉर्म भरणाऱ्याचे तीन पेशंट चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि मॅडम स्वतः फोन करून तोच प्रश्न विचारतात. एखाद-दुसऱ्या चौकोनाचा फरक चालतो. नवव्या नंबरच्या पेशंटनं मॅडमना 'वाईट' सांगितलं होतं. फॉर्मवर 'खूपच बरं' होतं. फरक पाच चौकोनांचा. नियमाप्रमाणे माझे तेवीसच्या तेवीस फॉर्म रद्द.

"पण बाकीचे बावीस खरे आहेत," मी म्हणालो. "पार्बताबाईंचा बघ. देवमनचा तर मी..."

"मॅडमना ते कसं कळणार, बाबा?"

मी स्वतः परीक्षक असताना एका कॉपीसाठी अख्खा वर्ग पुन्हा बसवला होता आणि त्याचं शाळेत कौतुक झालं होतं.

"तुझा प्रबंध?"

"सहा महिने पुढे गेला." ती थांबली. मला वाटलं आता ती चिडेल, चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आईला दुखतंय हे मला मॅडमकडून कळलं, बाबा. मी गुडघ्यांवर प्रबंध लिहिते आहे."

तिनं फोन ठेवला.

चारुशीला स्वयंपाकघरात वांगी चिरत होती. उभ्यानं नाही, उंच स्टुलावर बसून. ते स्टूल तिथे कधीपासून होतं ते मला आठवेना.

"तुझा गुडघा दुखतो?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. आधीचं दुखणं वेगळं होतं. आता आत काहीतरी सरकल्यासारखं होतं. जिना उतरताना जास्त."

"अदिती आली होती तेव्हा तर तू चांगली चालत होतीस."

"ती येते तेव्हा सकाळीच गोळी घेते मी. तिला परीक्षा असतात."

मला राग आला. म्हणजे आपण चुकलो हे कळल्यावर जो येतो तो. "मला का नाही सांगितलंस? मी रोज विचारतो."

तिनं सुरी खाली ठेवली. "तुम्ही विचारता, 'बरं आहे ना?'"

"मग?"

"पुढे 'ना' लावल्यावर माणूस काय सांगणार?"

बाहेर खुशालरावांच्या नळाचं पाणी वाहत होतं. तीच पुढे बोलली.

"तुम्ही पेढे वाटले. लोक घरी येऊन पाहून गेले. डॉक्टरकडे गेलो की डॉक्टर मला विचारतात आणि तुम्ही सांगता, एकदम छान आहे. दोनदा मी तोंड उघडलं. मग म्हटलं जाऊ द्या, यांचा आनंद कशाला घालवा. त्या मॅडमनी विचारलं आणि गप्प बसल्या. मी बोलेपर्यंत गप्पच. म्हणून सांगितलं."

तिचा आवाज चढला नव्हता. पाच महिन्यांची गोष्ट ती भाजीच्या भावासारखी सांगत होती. मी स्टुलाजवळ उभा राहिलो. तिच्या गुडघ्याला हात लावावा असं वाटलं, पण परवानगी कशी मागायची ते सुचेना.

त्या आठवड्यात आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. स्टेशनचे जिने तिनं एकेक पायरीनं उतरले, दोन्ही पाय एका पायरीवर आणून. असं ती किती दिवस उतरत होती, आणि मी पुढे जाऊन सामान घेऊन उभा राहत होतो, कोणास ठाऊक.

डॉक्टरांनी फाईल उघडली. "काय म्हणतो गुडघा?"

माझं तोंड उघडलं. खरं सांगतो, मी न बोलायचं ठरवून गेलो होतो, तरी उघडलं. "एक..." इतकं बाहेर आलंसुद्धा.

चारुशीला माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही बाहेर बसता का जरा?"

आधीच्या आमच्या भेटी चार-पाच मिनिटांत आटपत. या वेळी मी बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसलो. मधे तिला एक्स-रेला नेलं. जाताना तिनं माझ्याकडे पिशवी दिली, बाकी काही नाही. अदिती कॉलेजातून आली आणि माझ्याशेजारी बसली. आम्ही प्रबंधाबद्दल बोललो नाही. तिनं फक्त विचारलं, "जेवलात का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "आई?" मला माहीत नव्हतं.

बसवलेल्या गुडघ्याचा खालचा भाग हाडापासून सैल झाला होता. पुन्हा उघडावं लागणार होतं. संक्रांतीच्या सुमारास आला असता तर एवढ्यावर आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि फाईलमधल्या माझ्या दोन 'एकदम छान'कडे त्यांनी पाहिलं असावं. अदिती आईला धरून बाहेर आली. दोघींचे डोळे लाल होते आणि दोघी माझ्याशी नेहमीसारख्या बोलत होत्या, त्यामुळे मला जास्त अवघड झालं.

परतताना गाडीत चारुशीला खिडकीशी झोपली. मूर्तिजापूर गेलं. मी मनातल्या मनात प्रश्न जुळवून पाहत होतो, शेवटी 'ना' येऊ न देता. जमत होतं, पण वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटायचं.

रिक्षा घराशी थांबली तेव्हा खुशालराव फाटकापाशीच होते. त्यांची तारीख दहा दिवसांवर आली होती आणि त्यांनी नवीन काठीही आणून ठेवली होती.

"काय बापूसाहेब," ते म्हणाले, "काय म्हनते वहिनीचा गुडघा?"

मी रिक्षातून उतरलो. चारुशीलेला हात दिला. ती सावकाश उतरली, पदर सारखा केला आणि फाटकाला धरून उभी राहिली. मग तिनं खुशालरावांना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, संक्रांतीच्या दिवशी तिळाचा डबा काढताना आत कसं सरकलं तिथपासून. ते मधे मधे 'अस्सं?' म्हणत होते, नंतर तेही म्हणेनासे झाले. बराच वेळ लागला. एकदा तिला तारीख आठवेना, ती थांबली. मला ती तारीख माहीत नव्हती.

मी पिशवी धरून उभा राहिलो.